डिसऑर्डर, गॅप आणि एका वजा चिन्हाचा शोध

सुपरकंडक्टरवर काम करायचं तर सॅम्पल जितकं शुद्ध तितकं बरं, असं आपल्याला पहिल्या दिवसापासून सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण लोहाधारित सुपरकंडक्टरमध्ये एक प्रश्न असा होता, की त्याचं सर्वांत पटणारं उत्तर चांगला, शुद्ध क्रिस्टल मुद्दाम बिघडवून मिळालं. आज त्याच प्रश्नाबद्दल लिहितोय. एम.एस्सी.ला बीसीएस थिअरी झाली असेल तर पुढचं सगळं कळायला हरकत नाही. नसेल झाली तरी वाचा, गरज पडेल तिथे थांबून सांगतो.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. २००८ च्या सुरुवातीला टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने लॅन्थॅनम, लोखंड, आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात थोडं फ्लोरिन घालून २६ केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटी दाखवली. लोखंड म्हटलं की चुंबकत्व, आणि चुंबकत्व हा सुपरकंडक्टिव्हिटीचा शत्रू, ही समजूत इतकी पक्की होती की लोकांना आधी विश्वास बसेना. त्याच वर्षी लॅन्थॅनमच्या जागी सॅमेरियम घालून टीसी ५५ केल्विनपर्यंत गेला, आणि बेरियम-लोखंड-आर्सेनिकचं कुटुंबही सापडलं. यात बेरियमचा एक, लोखंडाचे दोन आणि आर्सेनिकचे दोन अणू असतात, म्हणून सगळे त्याला '१२२' म्हणतात. बेरियमच्या जागी सुमारे ४० टक्के पोटॅशियम घातलं की टीसी ३८ केल्विन. १२२ चे मोठे, चकचकीत, सहज चिरता येणारे क्रिस्टल वाढवता येतात, म्हणून पुढचे बहुतेक नाजूक प्रयोग याच कुटुंबावर झाले.

आता गॅप. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात. जोडी मोडायला किमान ऊर्जा लागते, आणि त्या ऊर्जेच्या निम्म्याला आपण गॅप म्हणतो, चिन्ह डेल्टा. साध्या बीसीएसमध्ये डेल्टा म्हणजे टीसीच्या सुमारे १.७६ पट (बोल्ट्झमन स्थिरांकासह). ३८ केल्विनसाठी हिशेब करा, ५.८ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास उत्तर येतं. २००८ मध्ये फोटोएमिशनने पोटॅशियमवाल्या १२२ मध्ये गॅप मोजला गेला तेव्हा एक नाही, दोन आकडे मिळाले: काही पॉकेटवर १२ आणि एकावर ६ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट, साधारणपणे. एकाच पदार्थात दोन गॅप, कारण लोखंडाच्या या संयुगांमध्ये फर्मी पृष्ठभाग एकसंध नसतो. ब्रिल्वाँ झोनच्या मध्यभागी होलची छोटी पॉकेट असतात आणि कोपऱ्यात इलेक्ट्रॉनांची. प्रत्येक पॉकेटचा गॅप वेगळा असू शकतो.

पण खरी मेख पुढे आहे. बहुतेक विद्यार्थी गॅपकडे एक लांबी म्हणून बघतात, मोजपट्टीने मोजावी तशी. प्रत्यक्षात डेल्टा ही फेज असलेली राशी आहे. तिला चिन्ह असतं. होल पॉकेटवर डेल्टा धन आणि इलेक्ट्रॉन पॉकेटवर ऋण असेल, तरी फोटोएमिशनला दोन्ही सारखेच दिसणार, कारण त्याला फक्त आकारमान कळतं. म्हणजे १२ आणि ६ हे आकडे हातात आहेत, पण ते अधिक १२ आणि वजा ६ आहेत की दोन्ही अधिक, हे आकड्यांवर लिहिलेलं नाही.

आणि भांडण नेमकं याच वजा चिन्हावर होतं. २००८ मध्येच माझिन आणि सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे कुरोकी यांच्या गटाने मांडलं की जोड्या बांधणारी शक्ती म्हणजे स्पिनचे चढउतार. हे चढउतार होल पॉकेटवरच्या इलेक्ट्रॉनांना इलेक्ट्रॉन पॉकेटवरच्यांशी जोडतात, पण परस्परक्रिया असते प्रतिकर्षणाची. प्रतिकर्षणातून जोडी बांधायची तर गॅपच्या समीकरणातलं वजा चिन्ह कुठेतरी फेडावं लागतं. म्हणून दोन पॉकेटवर डेल्टाची चिन्हं विरुद्ध येतात. याला एस-प्लस-मायनस म्हणतात. दुसरीकडे कोंतानी आणि ओनारी यांचं म्हणणं असं की ऑर्बिटलचे चढउतार आकर्षण तयार करतात आणि गॅप सगळीकडे एकाच चिन्हाचा राहतो. तो एस-प्लस-प्लस. म्हणजे चिन्ह कळलं की जोड्या कशाने बांधल्या जातात याचाही मोठा सुगावा लागतो. म्हणूनच एवढ्याशा वजासाठी एवढे पेपर.

इथे डिसऑर्डर कामाला येतो.

डिसऑर्डर म्हणजे क्रिस्टलमधली कुठलीही अनियमितता: चुकीच्या जागी बसलेला अणू, रिकामी जागा, परका अणू. इलेक्ट्रॉन तिथे आदळतो आणि दिशा बदलतो. १९५९ मध्ये फिलिप अँडरसन यांनी दाखवलं की गॅप सगळीकडे सारखा असेल आणि अशुद्धी चुंबकीय नसेल, तर टीसी आणि गॅपवर जवळजवळ काही परिणाम होत नाही. त्यांचा युक्तिवाद इतका सोपा आहे की एकदा नीट वाचाच: घाणेरड्या धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या ज्या काही खऱ्या अवस्था असतील त्या घ्या. काळ उलटा फिरवला तर प्रत्येक अवस्थेला तितक्याच ऊर्जेची एक जोडीदार अवस्था मिळते. मग त्या दोघांची जोडी लावा. संपलं. चुंबकीय अशुद्धी मात्र हीच सममिती मोडते, आणि तिचं काय होतं ते १९६० मध्ये अब्रिकोसोव्ह आणि गोर्कोव्ह यांनी दाखवलं. टीसी झपाट्याने पडतो, आणि टीसी शून्य होण्याआधीच, त्यासाठी लागणाऱ्या अशुद्धीच्या सुमारे ९१ टक्क्यांना, गॅप नाहीसा होतो. म्हणजे प्रतिरोध शून्य, पण गॅप नाही. 'गॅप आहे म्हणून सुपरकंडक्टर' असं पाठ केलेल्यांना हा पहिला धक्का असतो.

(अँडरसन यांच्या प्रमेयालाही मर्यादा आहेत, हे इथे सांगून ठेवतो. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये नायोबियम नायट्राइडच्या पातळ थरांवर बरीच वर्षं काम झालं आहे. डिसऑर्डर वाढवत नेला की टीसी १६ केल्विनच्या आसपासून १ केल्विनच्याही खाली येतो. तो डिसऑर्डर इतका तीव्र असतो की धातू विद्युतरोधक व्हायच्या बेतात येतो. आपण आज ज्या डिसऑर्डरबद्दल बोलतोय तो त्या मानाने सौम्य आहे. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नका.)

गॅप सगळीकडे सारखा नसेल तेव्हा काय होतं? स्कॅटरिंग म्हणजे ढवळणं समजा. खिचडीत एका बाजूला मीठ जास्त पडलं असेल तर ढवळल्यावर सगळीकडे सारखं होतं. आधीच सारखं असेल तर कितीही ढवळा, चव तीच. इलेक्ट्रॉन फर्मी पृष्ठभागावर एका जागेवरून दुसऱ्या जागी फेकला जातो, तेव्हा त्याला दोन्ही जागांच्या डेल्टाची सरासरी भोगावी लागते. अँडरसन यांचं प्रमेय म्हणजे आधीच सारखी असलेली खिचडी.

लोखंडात मात्र भांडी दोन आहेत. एकाच पॉकेटच्या आत स्कॅटरिंग झालं तर त्या पॉकेटवरचा डेल्टा एकसारखा होत जातो. चढउतार कमी होतात, खोल दरी भरून येते. पण इलेक्ट्रॉन होल पॉकेटवरून इलेक्ट्रॉन पॉकेटवर फेकला गेला आणि दोन्हींचं चिन्ह विरुद्ध असलं, तर अधिक आणि वजा एकमेकांना खातात. साधी, चुंबकत्व नसलेली अशुद्धी अशा वेळी चुंबकीय अशुद्धीसारखी वागते. हे गणित गोलुबोव्ह आणि माझिन यांनी १९९७ मध्येच करून ठेवलं होतं, लोखंडाचे सुपरकंडक्टर यायच्या अकरा वर्षं आधी. पहिल्या प्रकाराला इंट्राबँड आणि दुसऱ्याला इंटरबँड स्कॅटरिंग म्हणतात. हे दोन शब्द पक्के करून ठेवा. या विषयातला निम्मा गोंधळ या दोघांचं प्रमाण न पाहिल्यामुळे होतो.

उदाहरण बघा. १२२ मध्ये लोखंडाच्या काही अणूंच्या जागी कोबाल्ट घातला की सुपरकंडक्टिव्हिटी येते, टीसी २४ केल्विनच्या घरात. म्हणजे ज्या थरात जोड्या राहतात त्याच थरात आपण परके अणू भरतोय आणि तरी टीसी उभा आहे! क्युप्रेटमध्ये तांब्याच्या जागी थोडं झिंक घातलं की टीसी भराभरा कोसळतो. २००९ मध्ये ओनारी आणि कोंतानी यांनी यावरच बोट ठेवलं: एस-प्लस-मायनस असता तर थोड्याशा अशुद्धीनेही टीसी मेला असता, तो मरत नाही, म्हणून चिन्ह बदलत नाही.

युक्तिवाद वजनदार आहे. माझ्या मते मात्र त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. कोबाल्ट घालणं म्हणजे नुसता डिसऑर्डर घालणं नव्हे. कोबाल्ट एक जास्तीचा इलेक्ट्रॉन आणतो, पॉकेटांचे आकार बदलतो, आणि जे चुंबकत्व सुपरकंडक्टिव्हिटीच्या वाटेत उभं होतं तेच मारतो. एका हाताने मारतो, दुसऱ्या हाताने जेवू घालतो. टीसीवर दिसतो तो दोन्हींचा हिशेब. शिवाय कोबाल्ट इलेक्ट्रॉनांना किती जोरात आणि कुठून कुठे फेकतो, हे सांगितल्याशिवाय 'इतके टक्के अशुद्धी' या आकड्याला फारसा अर्थ नाही. पॉकेटच्या आतल्या आत फेकत असेल तर चिन्हाला धोकाच नाही. हिर्शफेल्ड यांच्या गटाने २०१३ मध्ये हाच मुद्दा नीट मांडला: टीसीची घसरण अशुद्धीच्या टक्केवारीसमोर न काढता रेसिड्युअल रेझिस्टिव्हिटी किती वाढली त्याच्यासमोर काढा, आणि नुसत्या टीसीवर न थांबता त्याच सॅम्पलमध्ये गॅपच्या खालच्या अवस्थांचं काय होतं तेही मोजा.

मग डिसऑर्डर घालायचा कसा, की रसायन बदलणार नाही? उत्तर: इलेक्ट्रॉनांचा मारा. पॅरिसजवळ पालेझोला एकोल पॉलिटेक्निकमध्ये 'सिरियस' नावाचा ॲक्सिलरेटर आहे. तिथे २.५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन क्रिस्टलवर सोडतात. एवढ्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन एखाद्या अणूला जागेवरून ढकलतो. मागे रिकामी जागा राहते आणि हललेला अणू बाजूच्या फटीत अडकतो. जड आयन मारले तर क्रिस्टलमध्ये आरपार भोकं पडतात, प्रोटॉनने दोषांचे पुंजके होतात. इलेक्ट्रॉनने मात्र सुटे, बिंदूएवढे दोष मिळतात, आणि थिअरीला हवे असतात तेही नेमके असेच. मारा चालू असताना क्रिस्टल द्रवरूप हायड्रोजनमध्ये, साधारण २० केल्विनला ठेवतात, नाहीतर हललेले अणू लगेच परत आपल्या जागी जाऊन बसतात. (खोलीच्या तापमानाला आणल्यावर काही जातातच. उरतात त्यांच्यावर प्रयोग.) सगळ्यात मोठा फायदा हा की क्रिस्टल तोच राहतो. मोजा, मारा, परत मोजा.

मोजायचं काय? लंडन पेनिट्रेशन डेप्थ, म्हणजे चुंबकीय क्षेत्र सुपरकंडक्टरच्या पृष्ठभागातून आत किती खोल जातं. १२२ मध्ये हे अंतर काही शे नॅनोमीटरचं असतं. तापमान वाढलं की जोड्या मोडतात आणि खोली वाढते. टीसीच्या साधारण एक तृतीयांशाखाली ही वाढ कशी होते, त्यावरून गॅपच्या तळाशी काय चाललंय ते कळतं. सगळीकडे गॅप असेल तर थंडीत जोड्या मोडायला ऊर्जाच नसते, वाढ एक्स्पोनेन्शियल, वक्र तळाशी जवळजवळ सपाट. गॅप कुठे कुठे शून्य असेल, म्हणजे नोड असतील, तर तिथे फुकटात जोड्या मोडतात आणि वाढ तापमानाच्या सरळ प्रमाणात. गॅपच्या आत अशुद्धीमुळे अवस्था तयार झाल्या असतील तर वाढ तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रयोगात क्रिस्टल एका कॉइलमध्ये ठेवून मेगाहर्ट्झच्या घरातल्या ऑसिलेटरची वारंवारता बघतात. खोली एक-दोन नॅनोमीटरने बदलली तरी ती हलते. पेपर वाचताना घातांकाकडे लक्ष ठेवा: १, २, की ३ पेक्षा जास्त. ३-४ च्या वर गेला की व्यवहारात तो एक्स्पोनेन्शियलपासून वेगळा ओळखू येत नाही.

आता मुख्य प्रयोग. २०१४ मध्ये मिझुकामी, शिबाउची, माट्सुदा आणि सहकाऱ्यांनी १२२ चा असा क्रिस्टल घेतला ज्यात काही आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस होता. निवड फार विचारपूर्वक आहे. फॉस्फरस आणि आर्सेनिक आवर्तसारणीत एकाच रांगेत एकाखाली एक, त्यामुळे जास्तीचे इलेक्ट्रॉन येत नाहीत, आणि फॉस्फरस लोखंडाच्या थराबाहेर बसतो. म्हणून हे क्रिस्टल कमालीचे स्वच्छ असतात, टीसी ३० केल्विनच्या आसपास. आणि त्यांच्या गॅपमध्ये नोड आहेत हे आधीच माहीत होतं: पेनिट्रेशन डेप्थ सरळ रेषेत वाढते.

मारा करण्याआधी तीन शक्यता मनात मांडा. गॅप डी-वेव्ह असेल, क्युप्रेटसारखा, तर नोड सममितीमुळे आलेले आहेत. कितीही ढवळा, सरासरी शून्यच येणार, नोड जाणार नाहीत, आणि सरळ रेषेचं थेट वर्गात रूपांतर होईल. एस-वेव्ह असेल तर नोड अपघाताने आलेले आहेत, एका पॉकेटवर डेल्टा खाली-वर होताना मध्येच शून्याखाली घसरला इतकंच. मग थोड्या डिसऑर्डरने इंट्राबँड सरासरी होऊन नोड उचलले जातील आणि गॅप उघडेल. म्हणजे घाण वाढली आणि गॅप सुधारला! मिश्रा, हिर्शफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे गणिताने दाखवलं होतं. पण त्यानंतर काय? एस-प्लस-प्लस असेल तर पुढे कितीही मारा करा, गॅप आणखी एकसारखा होत जाईल, परत बंद व्हायचं कारण नाही. एस-प्लस-मायनस असेल तर वाढत्या डोसबरोबर इंटरबँड स्कॅटरिंग आपलं काम करेल, अधिक-वजा एकमेकांना खातील, गॅपच्या आत अवस्था उगवतील आणि वक्र पुन्हा बदलून वर्गाचा होईल.

निकाल असा आला: आधी सरळ रेषा. थोड्या माऱ्यानंतर तळ सपाट, एक्स्पोनेन्शियलसारखा. आणखी माऱ्यानंतर तापमानाचा वर्ग.

हा क्रम पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो पेपर बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो. एकाही मोजमापात चिन्ह थेट दिसत नाही. पण गॅप आधी उघडतो आणि मग भरतो, हा क्रम डी-वेव्हमध्ये बसत नाही, एस-प्लस-प्लसमध्ये बसत नाही, एस-प्लस-मायनसमध्ये सहज बसतो. दुसऱ्या वाटांनीही त्याच दिशेने पुरावे आले होते, म्हणजे २००८ मधला न्यूट्रॉन स्कॅटरिंगमधला रेझोनन्स आणि २०१० मध्ये हानागुरी यांच्या गटाने लोखंड-सेलेनियम-टेल्युरियमवर केलेला टनेलिंग मायक्रोस्कोपचा प्रयोग. पण मला पालेझोचा प्रयोग जास्त भावतो, कारण त्यात क्रिस्टल स्वतःचाच साक्षीदार आहे.

आता तुम्ही विचाराल, मग काही सॅम्पलमध्ये टीसी एका पातळीपर्यंत पडून तिथेच का थांबतो? एस-प्लस-मायनस असेल तर तो पडतच जायला हवा. याचं एक उत्तर एफ्रेमोव्ह, कोर्शुनोव्ह, डोल्गोव्ह, गोलुबोव्ह आणि हिर्शफेल्ड यांनी २०११ मध्ये दिलं, आणि ते फार मजेशीर आहे. समजा दोन पॉकेटांचा एकत्रित कल आकर्षणाकडे आहे, पण स्वच्छ अवस्थेत चिन्हं विरुद्ध आहेत. डिसऑर्डर वाढला की लहान गॅप आणखी लहान होतो, एका क्षणी शून्यातून जातो, आणि पलीकडे मोठ्या गॅपचंच चिन्ह घेऊन बाहेर येतो. म्हणजे डिसऑर्डरनेच एस-प्लस-मायनसचा एस-प्लस-प्लस केला! पलीकडे गेल्यावर चिन्हं सारखी, मग अँडरसन यांचं प्रमेय पुन्हा लागू, म्हणून टीसी स्थिरावतो. २०१८ मध्ये घिगो आणि सहकाऱ्यांनी ऱ्होडियमवाल्या १२२ क्रिस्टलवर प्रोटॉनचा मारा करून अशा बदलाच्या खुणा मांडल्या. याचा अर्थ नीट घ्या: घाणेरड्या सॅम्पलमध्ये टीसी टिकून आहे, यावरून स्वच्छ सॅम्पलमध्ये चिन्ह काय होतं ते सांगता येत नाही.

म्हणून कुठल्याही पेपरात टीसी विरुद्ध अशुद्धीचा आलेख दिसला, की मी आधी आडवा अक्ष बघतो. तिथे टक्केवारी असेल तर सावध. रेझिस्टिव्हिटी असेल तर बरं. एकाच क्रिस्टलवर आधी-नंतर मोजलं असेल तर उत्तम. पीएच.डी.च्या मुलाखतीला जाताना कुणाच्या पेपरवर बोलणार असाल तर हे तीन प्रश्न स्वतःला विचारून जा. समोरचे हमखास विचारतात.

आणि एक अपवाद, जो या सगळ्या हिशेबात सहज बसत नाही. लोखंड-सेलेनियम: सगळ्यात साधं संयुग, टीसी फक्त ९ केल्विनच्या आसपास. २०१६ मध्ये त्याच्यावर असाच २.५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा मारा केला गेला, आणि टीसी ०.४ केल्विनने चक्क वाढला. त्याच वेळी ९० केल्विनजवळचं क्रिस्टलच्या रचनेतलं स्थित्यंतर ०.९ केल्विनने खाली आलं. डिसऑर्डरने प्रतिस्पर्ध्याला जास्त दुखावलं म्हणून सुपरकंडक्टिव्हिटीला फायदा झाला, की दोषांभोवती स्थानिक पातळीवर जोड्या जास्त घट्ट झाल्या? दोन्ही कल्पना मांडल्या गेल्या आहेत. त्या एकमेकींपासून वेगळ्या काढायला आकडा एवढासा आहे, ०.४ केल्विन, आणि ज्यांना थर्मामीटरचं कॅलिब्रेशन करायला कंटाळा येतो त्यांनी या प्रश्नाच्या वाटेला न गेलेलं बरं.